बीजगणित शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण: नक्की काय केलं की वर्गात फरक पडतो?

फळा_आणि_खडू

नमस्कार मंडळी, माध्यमिकला गणित शिकवते. यंदा आमच्या गणित विभागाच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाची आखणी माझ्याकडे आलीये. सगळे आठवी ते दहावीला बीजगणित शिकवणारे, काही नुकतेच लागलेले, काही निवृत्तीला आलेले. म्हणून इथे जे शिकवतात किंवा शिकवायचे त्यांचं मत हवंय.

आपण सगळ्यांनी केलेल्या प्रशिक्षणांचा साचा साधारण एकच असतो. सुट्टीत दोन दिवस, बाहेरून आलेले तज्ज्ञ, स्लाइड्स, मग गटकार्य, चार्टपेपरवर मुद्दे, शेवटी फीडबॅक फॉर्म आणि प्रमाणपत्र. तिथे सांगतात ते चुकीचं असतं असं अजिबात नाही, पण ते भाषेच्या शिक्षकालाही तसंच लागू पडेल इतकं मोघम असतं. शाळा सुरू झाली की नववीच्या वर्गात आपण परत "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" वरच येतो. यात शिक्षकांचा दोष आहे असं मला वाटत नाही. आपल्याला बीजगणित शिकवण्याबद्दल कोणी काही दिलेलंच नसतं.

मला नेमकं काय हवंय ते एका वहीवरून सांगते. ३क्ष + ५ = २० हे समीकरण सोडवताना मुलाने लिहिलंय:

३क्ष = २० − ५ = १५ ÷ ३ = ५

उत्तर बरोबर आहे, क्ष पाचच येतो. पण या ओळीचा अर्थ लावला तर १५ आणि ५ सारखे आहेत आणि ३क्ष सुद्धा ५ च आहे असं होतं. स्टाफरूममध्ये ही वही फिरवली. एकाने पूर्ण मार्क दिले, एकीने अर्धा कापला, एक म्हणाले की वरच्या वर्गात गेला की आपोआप सुधारेल, एक म्हणाल्या आत्ताच धरलं नाही तर पुढे त्याला समीकरण म्हणजे काय हे कधीच कळणार नाही. त्या चर्चेत आम्ही जेवढं शिकलो तेवढं मला कुठल्या सत्रात शिकल्याचं आठवत नाही. तर प्रशिक्षण असं कसं करता येईल? तुमच्याकडे काय करतात?

---

त्रैराशिक

फार चांगला विषय काढलात. ती वहीतली ओळ मी दरवर्षी बघतो, मुलाच्या डोक्यात = म्हणजे "आता उत्तर लिही" एवढंच असतं, कॅल्क्युलेटरच्या बटणासारखं. दोन्ही बाजू एकाच किमतीच्या आहेत हे तो वाचतच नाही.

यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे, १९९९ ला छापून आला. प्राथमिकच्या मुलांना ८ + ४ = □ + ५ दिलं होतं. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिलं नाही, सगळ्यांनी १२ नाहीतर १७. म्हणजे ही मुलं बीजगणिताच्या दारात उभी आहेत आणि समीकरणातलं मधलं चिन्हच त्यांना वाचता येत नाहीये, मग आपण तराजू आणा, कृती करा, काहीही करा, पाया तिथेच कच्चा राहतो.

माझी सूचना साधी आहे. पहिल्या सत्राआधी प्रत्येक शिक्षकाने हा एकच प्रश्न आपापल्या वर्गाला चिठ्ठीवर द्यावा, मार्क नाहीत, नाव नाही, दोन मिनिटं. चिठ्ठ्या घेऊनच सत्राला यायचं आणि टेबलावर ढीग करायचे, ७ वाले, १२ वाले, १७ वाले आणि इतर. "आमच्या मुलांना हे येतं" म्हणणाऱ्याला आपल्याच वर्गातला १२ चा ढीग दिसला की पुढे काही पटवून द्यावं लागत नाही. नववीला सुद्धा द्या, नववीला कोण चुकणार असं धरून चालू नका.

---

कंसातली

+१ चिठ्ठ्यांना. फक्त मार्क द्यायचे नाहीत हे मुलांना आधी नीट सांगा, नाहीतर शेजारच्याचं बघून लिहितात आणि सगळं वाया जातं.

---

शेवटचा_बाक

मी जरा वेगळं मांडतो, राग मानू नये. मुलांच्या चुका बघणं चांगलंच, पण शिक्षकाचं स्वतःचं गणित पक्कं नसेल तर चूक बघूनही तो काय करणार? एखाद्या प्रशिक्षणाच्या खोलीत विचारून बघा, ऋण गुणिले ऋण धन का होतं. नियम सगळ्यांना येतो, कारण थोडे सांगतात. नियम तर इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण संख्यांसाठी लिहून ठेवलाय, पण मुलगी "का" विचारते तेव्हा "नियमच आहे" हे उत्तर पुरत नाही.

कारण दोन ओळींचं आहे. ५ + (−५) म्हणजे ०, त्याला −३ ने गुणलं तरी ० च. आता कंस सोडवा: (−३) × ५ झाले −१५, आणि (−३) × (−५) किती ते आपल्याला माहीत नाही असं धरा. दोघांची बेरीज ० यायलाच हवी, म्हणून तो दुसरा गुणाकार १५ च असला पाहिजे. वितरणाचा नियम टिकवायचा असेल तर दुसरा पर्यायच नाही. आठवीच्या मुलाला हे कळतं, मी सांगितलेलं आहे. मित्र, शत्रू, शत्रूचा शत्रू असल्या युक्त्यांनी लक्षात राहतं पण कळत नाही.

दुसरं उदाहरण पूर्ण वर्ग पद्धतीचं. आपण शिकवतो "क्षच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा", मुलं करतात, का करतात माहीत नाही. बगदादचा गणिती अल ख्वारिज्मी याने नवव्या शतकात हेच चित्र काढून दाखवलंय आणि त्याचंच उदाहरण मी वापरतो, क्ष² + १०क्ष = ३९. बाजू क्ष असलेला चौरस काढायचा. १०क्ष चे दोन सारखे भाग करायचे, ५ रुंद आणि क्ष लांब अशा दोन पट्ट्या, एक चौरसाच्या उजवीकडे, एक खाली. आता आकृती जवळजवळ मोठा चौरस झालीये, फक्त कोपऱ्यात ५ बाय ५ ची जागा रिकामी आहे. ती भरायला २५ लागतात. म्हणून ३९ + २५ = ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातून ५ गेले, क्ष = ३. "निम्म्याचा वर्ग" कुठून आला ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. आणि मग शिक्षकांनाच प्रश्न टाकायचा: या समीकरणाचं दुसरं मूळ −१३ आहे, ते या चित्रात का सापडलं नाही? बाजूची लांबी ऋण असत नाही म्हणून. मग चित्र कुठपर्यंत साथ देतं आणि चिन्हांचं गणित कुठे पुढे जातं यावर एक सत्र सहज होतं. मला असं प्रशिक्षण द्या, मी सुट्टीत सुद्धा येईन.

---

फळा_आणि_खडू

शेवटचा_बाक, राग कसला, हेच तर हवंय. −१३ वाला प्रश्न मी नक्की घेणार.

पण तुमच्यात आणि त्रैराशिक यांच्यात मला भांडण दिसत नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं की विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याची सर्वसाधारण कला वेगळी, आणि या दोन्हींच्या मध्ये शिक्षकाचं असं एक खास ज्ञान असतं: हा भाग कुठल्या उदाहरणाने उघडतो, मुलं नेमकी कुठे अडकतात, कुठली आकृती इथे चालते आणि कुठे दगा देते. इंजिनियरला वर्गसमीकरण आपल्यापेक्षा भराभर सुटेल, पण (अ + ब)² = अ² + ब² लिहिणाऱ्या मुलाने काय विचार केला असेल हे त्याला सांगता येईलच असं नाही. आपलं काम ते आहे. आणि ते एकट्याने वाचून येत नाही असा माझा अनुभव.

---

नवा_गडी

मी या वर्षीच लागलोय. एक शंका विचारू का, मूर्ख वाटली तर सांगा. आम्हाला शिकवताना सांगितलं होतं की अक्षर म्हणजे वस्तू असं सांगून सुरुवात करा, ३प म्हणजे तीन पेन, २व म्हणजे दोन वह्या, म्हणून ३प + २व एकत्र होत नाहीत. मुलांना पटकन कळतं. पण पुढच्या आठवड्यात प × प आलं आणि एका मुलीने विचारलं पेन गुणिले पेन म्हणजे काय. मला काही सांगता आलं नाही.

---

त्रैराशिक

शंका अजिबात मूर्ख नाही, आख्ख्या बीजगणिताचं मूळ दुखणं आहे ते. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीला शाबासकी द्या.

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात डीटमार क्यूखेमान यांनी साधारण १३ ते १५ वयाच्या मुलांच्या उत्तरांवर मोठं काम केलं. मुलं अक्षर किती तऱ्हांनी वाचतात ते त्यांनी वेगळं करून दाखवलं. कोणी त्याला लगेच काहीतरी किंमत देऊन टाकतं, कोणी त्याच्याकडे बघतच नाही, कोणी त्याला वस्तू समजतं, कोणी ठरावीक पण अजून न कळलेली संख्या, कोणी कितीही असू शकेल अशी संख्या, आणि अगदी थोडे खऱ्या अर्थाने बदलती संख्या. बहुतेक मुलं पहिल्या तीनांतच अडकलेली सापडली.

पेन-वह्यांचा त्रास असा की ३प म्हणजे "तीन पेन" झालं की प ही संख्या राहत नाही, पेनचा शॉर्टफॉर्म होतो. सरूप पदांची बेरीज तेवढी भागते, पण गुणाकार, कंस, समीकरण, सगळीकडे उलटतं. मग विद्यार्थी आणि प्राध्यापकांचा तो नावाजलेला प्रश्न बघा: एका विद्यापीठात एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत, विद्यार्थ्यांची संख्या व आणि प्राध्यापकांची संख्या प, तर समीकरण लिहा. जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दिला तेव्हा ३७ टक्के चुकले, आणि चुकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ६व = प लिहिलं. "सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक" असं वाचलं की तसंच लिहिलं जातं. बरोबर उत्तर व = ६प आहे, प्राध्यापकांची संख्या सहापट केली तर विद्यार्थ्यांची येते.

आता वर्गात काय करायचं ते. प म्हणजे पेन म्हणू नका, "एका डब्यात पेन किती आहेत ते माहीत नाही, त्या संख्येला प म्हणू" म्हणा. ३प म्हणजे असे तीन डबे भरून जितके पेन होतात ती संख्या. मग प = ४ घातलं तर किती, प = १० घातलं तर किती, असं दोनदा करून घ्या. प × प विचारणाऱ्या मुलीला सांगता येईल, जितके पेन एका डब्यात तितकेच डबे असतील तर एकूण पेन किती. दर वेळी अक्षराच्या जागी संख्या बसवून बघायची सवय लागली की निम्म्या चुका मुलं स्वतःच पकडतात. (अ + ब)² ला सुद्धा, अ = ३ आणि ब = ४ घाला, एकीकडे ४९ येतात दुसरीकडे २५, मग वाद कसला.

---

नवा_गडी

डबे एकदम पटलं, उद्याच वापरतो. धन्यवाद सर.

---

कंसातली

सगळं वाचतेय आणि पटतंय, पण वेळेचं कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. आमच्याकडे चांगल्या कल्पना कमी पडल्या असं कधीच झालं नाही, वेळ कमी पडला. तास, पेपर तपासणी, रजेवरच्यांचे बदली तास, पालकसभा, याद्या, आणि त्यावर प्रशिक्षण म्हणजे सुट्टीचा दिवस गेला. शिक्षक दमलेला येतो आणि सही करून जातो, त्याला दोष देऊ नका.

फळाताई, तुमच्या हातात आखणी आहे तर मुख्याध्यापकांकडून आधी एकच गोष्ट मिळवा. वेळापत्रकात गणिताच्या सगळ्या शिक्षकांचा आठवड्यात एक तास एकत्र रिकामा ठेवायचा. एकच. त्या तासाला बदली लावायची नाही, मीटिंग नाही, सूचना नाहीत. वेळापत्रक बनतानाच हे झालं तर होतं, वर्ष सुरू झाल्यावर कोणी मागितलं तर "बघू" म्हणतात. आमच्या शाळेत असा तास मिळाला तेव्हा मीच आधी नाक मुरडलं होतं की चाळीस मिनिटांत काय होणार. एक चिठ्ठ्यांचा ढीग आणि एक प्रश्न एवढं होतं, आणि पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा भेटणार आहोत हे माहीत असलं की माणूस मधल्या काळात वर्गात काहीतरी करून बघतो. दोन दिवसांच्या शिबिरात तो "मधला काळ" नसतोच.

---

मूळ_संख्या

कंसातली यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. २००७ मध्ये अमेरिकेत एक आढावा प्रसिद्ध झाला, शिक्षक प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो का असा. १३०० हून जास्त अभ्यास चाळले आणि त्यातले फक्त ९ पुराव्याच्या कसोटीला उतरले. त्यांत १४ तासांपेक्षा जास्त चाललेल्या प्रशिक्षणांचा मुलांवर चांगला परिणाम दिसला, त्याहून कमी तासांच्या प्रशिक्षणांचा ठोस परिणाम दिसला नाही. हे नऊही प्राथमिकच्या शिक्षकांवरचे होते, तेव्हा माध्यमिकला जसंच्या तसं लावू नये. तरी दोन दिवसांचं शिबिर करून गणित सुधारेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने हे वाचावं. आणि नुसते तास वाढवूनही भागत नाही, तेच भाषण चाळीस तास दिलं तर काय होणार.

दुसरं, शिक्षक प्रशिक्षणाचे अभ्यासक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये मांडलेला क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण समजतो आधी शिक्षकाचं मत बदलायचं, मग तो वेगळं शिकवेल, मग मुलं शिकतील. गस्की म्हणतात क्रम उलटा असतो. शिक्षक एखादी छोटी गोष्ट करून बघतो, मुलांमध्ये फरक दिसतो, आणि तो दिसल्यावर त्याचं मत बदलतं. म्हणून पहिल्या दिवशी मतपरिवर्तनाची भाषणं नकोत. एक छोटी गोष्ट द्या, जी पुढच्याच सोमवारी करता येईल.

---

आलेख

मग जपानी पद्धतीबद्दल बोलायलाच हवं, तिथे शिक्षक मिळून एका धड्याचा अभ्यास करतात. १९९९ च्या सुमारास ही पद्धत जपानबाहेर बरीच माहीत झाली. थोडक्यात असं, चार-पाच शिक्षक मिळून एकच तास अगदी बारकाईने आखतात, आठवडेच्या आठवडे. कुठला प्रश्न द्यायचा, त्यात कुठल्या संख्या घ्यायच्या, मुलं कोणकोणती उत्तरं देतील, त्या प्रत्येक उत्तरावर आपण काय म्हणायचं. मग एकजण तो तास घेतो आणि बाकीचे वर्गात बसून बघतात. नंतर बसून चर्चा.

आम्ही गटाने हे केलंय, (क्ष + ३)² च्या विस्ताराचा तास घेतला होता. आखणी करताना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला माहितीये, ३ घ्यायचा की दुसरा आकडा यात. २ घेतला तर २² आणि २ × २ दोन्ही ४ येतात, मुलाने चुकून दुप्पट केली तरी उत्तर बरोबर दिसतं आणि चूक लपून जाते. ३ घेतला तर वर्ग ९ आणि दुप्पट ६, लगेच उघडं पडतं. एवढीशी गोष्ट, पण ती आमच्यापैकी कोणी इतकी वर्षं मुद्दाम बघितलीच नव्हती.

तास बघताना नियम एकच ठेवला, शिक्षकाकडे बघायचं नाही. प्रत्येक निरीक्षकाने दोन-तीन मुलं वाटून घ्यायची आणि ती वहीत काय लिहितात, काय खोडतात, शेजाऱ्याला काय म्हणतात ते टिपायचं. माझ्या वाट्याच्या एका मुलीने आधी क्ष² + ९ लिहिलं, मग आकृतीकडे बघितलं, मधल्या दोन पट्ट्यांवर बोट ठेवलं, आणि कोणी काही न सांगता मध्ये + ६क्ष घुसवलं. फळ्यापाशी उभ्या शिक्षिकेला हे दिसणं शक्यच नव्हतं. तास संपल्यावर मी तिला सांगितलं तेव्हा तिला जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता.

---

शेवटचा_बाक

हे ऐकायला छान आहे, पण तास बघायला कोणी आलं की आपल्याकडे पोटात गोळा येतो, कारण तास बघणं म्हणजे तपासणी हेच आपण आयुष्यभर पाहिलंय. एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाचा तास सगळ्यांसमोर फसला तर तो परत कधी दार उघडणार नाही.

---

आलेख

बरोबर आहे, म्हणून आम्ही काही गोष्टी आधीच ठरवल्या होत्या. टिपणं गटाबाहेर जाणार नाहीत, मुख्याध्यापकांकडे तर नाहीच नाही. आखणी सगळ्यांची असल्यामुळे तास फसला तर तो सगळ्यांचा फसला. चर्चेत "तुम्ही हे करायला हवं होतं" हे वाक्य चालणार नाही, "तिसऱ्या बाकावरच्या मुलाने असं लिहिलं" इथून सुरुवात करायची. आणि पहिला तास ज्याच्याकडे सगळे आदराने बघतात अशा ज्येष्ठ माणसाने घ्यायचा, नवीन पोरांना पुढे ढकलायचं नाही. तुमच्यासारख्यांनी घ्यावा.

---

शेवटचा_बाक

असं असेल तर मी घेईन. अल ख्वारिज्मीचा चौरस घेईन.

---

उकल

उशिरा आले धाग्यावर. एक बाजू राहिलीये म्हणून लिहिते. हल्लीच्या प्रशिक्षणात "मुलांना स्वतः शोधू द्या, तुम्ही सांगू नका" यावर फार भर असतो आणि त्यामुळे सोडवून दाखवलेलं उदाहरण म्हणजे काहीतरी मागासलेलं असं शिक्षकांना वाटायला लागलंय. १९८५ मध्ये जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणितातच प्रयोग केले होते. एका गटाला फक्त गणितं सोडवायला दिली, दुसऱ्याला एक सोडवलेलं उदाहरण अभ्यासायचं आणि मग तसंच एक सोडवायचं अशा जोड्या दिल्या. उदाहरणं अभ्यासणाऱ्या मुलांचा सरावात वेळ कमी लागला, आणि तशाच प्रकारच्या गणितांत पुढे ती जास्त वेगाने आणि कमी चुका करत सोडवू लागली. अगदी नवीन भाग असताना डोक्यावर एकदम इतका भार टाकू नये, एवढंच म्हणणं आहे. सराव झाला की शोधायला द्यावंच.

तर शिक्षकांच्या गटाने मिळून उदाहरणांचे संच बनवणं हे मला सगळ्यात उपयोगी प्रशिक्षण वाटतं. संच असा की एका ओळीतून दुसऱ्या ओळीत एखादीच गोष्ट बदलते:

२(क्ष + ३)
२(क्ष − ३)
−२(क्ष + ३)
−२(क्ष − ३)
−(क्ष − ३)
५ − २(क्ष − ३)

सहाव्या ओळीवर वर्ग थांबतो. काही मुलं आधी ५ − २ करून ३(क्ष − ३) लिहितात, काही शेवटी −६ लिहितात, काहींना कंसाबाहेरचा − कोणाचा आहे तेच कळत नाही. आता शिक्षकांनी बसून ठरवायचं की पाचव्या आणि सहाव्या ओळीच्या मध्ये अजून एक पायरी हवी का, आणि कुठली. आमच्या गटात यावर दोन आठवडे वाद चालला, शेवटी ५ + (−२)(क्ष − ३) ही ओळ मध्ये घातली. पुस्तकातल्या स्वाध्यायात उदाहरणं कुठल्या क्रमाने आहेत हे मग आपण वेगळ्याच नजरेने बघायला लागतो.

चुकीचं सोडवलेलं उदाहरणही द्या, पण "चूक शोधा" एवढंच म्हणू नका. "हे लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल" असं विचारा. मुलांनाही विचारा आणि शिक्षकांनाही.

---

कंसातली

उकल, तो संच उचलला. अजून एक फुकटात होणारी गोष्ट. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांचे तास ऐकून पाहिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. बीजगणितात तर तीन सेकंदही कमीच. शिक्षकांनी स्वतःच्या तासाची दहा मिनिटं फोनवर रेकॉर्ड करून फक्त स्वतः ऐकावीत आणि पुसून टाकावीत. कोणाला दाखवायची गरज नाही.

---

मूळ_संख्या

सॉफ्टवेअरचं कोणीच लिहिलं नाही म्हणून एक ओळ. जिओजेब्रा मोफत आहे, य = मक्ष + क मध्ये म आणि क सरकवून रेषा कशी हलते ते दाखवायला उत्तम. पण त्याचं प्रशिक्षण "हे बटण दाबा" वर संपू नये. सरकवण्याआधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्यायचा, ही सवय शिक्षकाला लागली तरच त्याचा फायदा.

फळाताई, आणि हे सगळं चाललंय की नाही ते कशावरून ठरवणार? फीडबॅक फॉर्मवरून नको.

---

फळा_आणि_खडू

फॉर्मवरून नाहीच. सगळं वाचून मी कच्ची आखणी केलीये, सांगते, फाडून खा.

मुख्याध्यापकांशी बोलले, एकत्र रिकामा तास वेळापत्रकात बसवायला ते तयार आहेत, हे सगळ्यात मोठं काम झालं. विषय वर्षभरात दोनच घेणार. पहिल्या सत्रात = चिन्ह आणि समीकरण, दुसऱ्या सत्रात अक्षर म्हणजे काय आणि कंसांचा विस्तार. जास्त विषय घेतले की पुन्हा शिबिरासारखं होईल. आठवड्याचा तास चिठ्ठ्या, वह्या किंवा उकल यांच्यासारखा संच यावर. दर सत्रात एक तास सगळ्यांनी मिळून आखायचा आणि बघायचा, आलेख यांच्या नियमांनी. बाहेरचे तज्ज्ञ बोलवायचे असतील तर मध्यावर, आमचे प्रश्न तयार झाल्यावर.

मोजायचं असं की तेच तीन प्रश्न वर्षाच्या सुरुवातीला, सत्र संपताना आणि पुढच्या वर्षी तीच मुलं वरच्या वर्गात गेल्यावर सुट्टीनंतर द्यायचे. लगेच विचारलं तर सगळ्यांना येतं, सुट्टीनंतर उरतं ते खरं. हे आकडे शिक्षकवार लावायचे नाहीत, फक्त प्रश्नवार, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घेतलंय.

प्रश्न:
१) ८ + ४ = □ + ५
२) विद्यार्थी-प्राध्यापकांचा, समीकरण लिहा
३) ५ − २(क्ष − ३) चा विस्तार करा आणि क्ष = ४ घालून दोन्हीकडे तीच किंमत येते का ते दाखवा

आठवीला दुसरा जड जाईल का?

---

त्रैराशिक

जाईल, पण द्या. किती जड जातो तेच तर बघायचंय. त्यांच्यासाठी हवा तर अजून एक घाला, क्यूखेमान यांच्या चाचणीतला: अ + ब = ४३ तर अ + ब + २ = किती? अ आणि ब शोधल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटणारी मुलं इथे थांबतात आणि ज्यांना अ + ब ही एकच संख्या म्हणून बघता येते ती लगेच ४५ लिहितात.

---

फळा_आणि_खडू

घेतला, चार प्रश्न. सोमवारी चिठ्ठ्या छापते. ढीग लावून झाले की इथेच फोटो टाकेन, नावं नसतीलच. नवा_गडी, तुम्हीही तुमच्या वर्गात द्या आणि ६व = प किती जणांनी लिहिलं ते सांगा.

---

नवा_गडी

देतो. त्या मुलीची चिठ्ठी ओळखू येईल बहुतेक, ती शेजारी कारण लिहिते.